भिंत का पडली?



दहावीचा निकाल लागला की आमच्या किल्लारीतून, औशातून पोरं लातूरला निघतात. भाड्याची खोली, मेसचा डबा आणि डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचे तीन विषय. 'लातूर पॅटर्न'ला मी नावं ठेवणार नाही. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेजची मुलं गुणवत्ता यादीत झळकू लागली, तेव्हाच कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात 'आपलंही लेकरू डॉक्टर होईल' असं कुणीतरी मोठ्यानं बोललं.

काळजी वाटते ती वेगळीच. ही धाव आता आठवीतच सुरू होते. माझ्या भूगोलाच्या तासाला एक मुलगी विचारते, "सर, हे नीटला येतं का?"

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं. तिला म्हटलं, "बाई, तुझ्या आजोबांना विचारून ये, जुन्या गावातली भिंत का पडली?"

30 सप्टेंबर 1993. रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, 6.2 तीव्रतेचा. हजारो माणसं गेली, आणि बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. वर्षभर आधीपासून हादरे जाणवत होते. पण दख्खनचा हा कातळ पक्का, इथं मोठं काही व्हायचं नाही, हीच सगळ्यांची समजूत. पुढं किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा काळ्या खडकाचा थर साडेतीनशे मीटरच्या आतच संपला. खाली वेगळाच, फार जुना खडक लागला.

हा झाला भूगोल. पण माळवद गळू नये, घर थंड राहावं म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत गेलो, त्या मातीचं वजन किती, हे गणित. वाचलेल्यांच्या जखमा बघणं डॉक्टरचं काम. आणि आई-बाप गेलेल्या पोराशी बोलायचं कसं, त्याला भाषाच लागते. तीच मराठी पुष्कळ मुलं अकरावीत तिच्याऐवजी आयटी हा विषय घेऊन सोडून देतात.

दहावीपर्यंत सगळ्यांना सर्वसाधारण शिक्षण द्या, असं कोठारी आयोगानं 1966 मध्येच सांगितलं होतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही कला आणि विज्ञान यांच्यातली ताटातूट नको म्हटलंय. पालकांनो, निदान दहावीपर्यंत तरी लेकराच्या दप्तरातून इतिहास, भूगोल, चित्रकला काढून घेऊ नका. डॉक्टर होण्याआधी त्याला आपलं गाव कळू द्या.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. आजोबांनी सांगितलं होतं, भिंत दोन हात जाड, पण आतली-बाहेरली दगडांची रांग वेगवेगळी, मधे नुसती माती. दोन्ही रांगांना सांधणारा लांब दगड कुणी घातलाच नव्हता. लाकडी खण मात्र काही घरांत उभे राहिले. तिनं वहीत त्या भिंतीचं चित्र काढलं होतं, आणि खाली प्रश्न लिहिला होता: "सर, आपल्या शाळेच्या भिंतीत तो दगड आहे का?"