दहावीच्या फोटोत नसलेले
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'सध्या काय वाचतेस, ते सांग,' अशी संयोजकांची आज्ञा आहे. निवृत्तीनंतर करवीर नगर वाचन मंदिरातल्या माझ्या फेऱ्या वाढल्या आहेत. १८५० सालापासून आपल्या कोल्हापुरात असलेलं हे ग्रंथालय नोकरीच्या धावपळीत दुरावलं होतं. या वर्षी ठरवून आपल्याच जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं वाचली. त्यांतल्या तीन पुस्तकांबद्दल माझं मत सांगते. पटलं नाही, तर जेवताना भांडू!

पहिलं 'मृत्युंजय'. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ही १९६७ सालची कादंबरी शाळेत असताना आपण एकमेकांकडून मागून वाचली होती. कर्णाची कथा सहा जणांच्या तोंडून सांगण्याची कल्पना आजही पकड घेते. पण उपमांची गर्दी आता जड वाटते. कुंती काय, दुर्योधन काय, सगळे एकाच थाटात बोलतात.

दुसरं 'झोंबी'. कागलच्या आनंद यादवांचं हे आत्मकथन १९८७ साली आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोराला शाळा हवी आहे, बापाला मळ्यात राबणारे हात हवे आहेत. कष्टांचे तपशील काही ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात, हे खरं. बापाचा राग तर येतोच. पण घरात खाणारी तोंडं किती आणि धान्य किती, हा हिशेब लेखकानं लपवलेला नाही. म्हणून मला हे पुस्तक मोठं वाटतं.

तिसरं कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. त्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव उठलं, म्हैस मागे राहिली आणि तिला आणायला देवाप्पा जुन्या रानात परत जातो. सुरुवातीची पानं सावकाश वाचावी लागतात, पण पुस्तक खाली ठेवू नका. गाव उठल्यावर माणसाचं काय काय मागे राहतं, ते मला या म्हशीमुळे कळलं. सरकारी कागदावर नुकसानभरपाईचा आकडा असतो; म्हशीच्या ओढीला तिथे रकाना नसतो.

या पुस्तकांतली 'व्हय', 'न्हाई' वाचताना आपला वर्ग आठवला. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या मुलांच्या तोंडी हे शब्द आले की आपण हसायचो. मग ती मुलं बोलायचीच बंद व्हायची. आज त्याच बोलीतल्या पुस्तकांना देशाचा पुरस्कार मिळतो आहे.

मंडळी, पाचवीत आपल्या बाकावर बसलेली काही मुलंमुली दहावीच्या फोटोत नाहीत. कुणी मळ्यात गेलं, कुणी गुऱ्हाळावर, कुणाचं लग्न लावून दिलं. यादवांची झोंबी यशस्वी झाली, म्हणून तिचं पुस्तक झालं. ज्यांना ती जमली नाही, त्यांची गोष्ट कुणी लिहिली नाही.

म्हणून संयोजकांना एकच विनंती. आजच्या मेळाव्याची निमंत्रणं दहावीच्या यादीवरून गेली. पुढच्या वेळी पाचवीचा हजेरीपट काढा. शाळा सुटली, म्हणून वर्गमैत्री सुटत नाही. त्यांना बोलवू, शेजारी बसवू आणि या वेळी त्यांना बोलू देऊ.