नवऱ्याचा ‘मोकळा स्वभाव’ आणि बायकोचा ‘संशय’

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दिवसभर आपण मारहाण, पोटगी, घराबाहेर काढणे अशा विषयांवर बोललो. त्या मानाने आजचा विषय तुम्हांला हलका वाटेल. नवरा इतर बायकांशी फार सलगीने वागतो, बायकोला ते खटकते आणि ती काही बोलली की घरात भांडण पेटते, एवढाच हा विषय. केंद्रावर येणारी बाई हे सुरुवातीला कधीच सांगत नाही. ती सांगते, पैसे देत नाहीत, धड बोलत नाहीत, आदळआपट करतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, निघता निघता, पिशवी खांद्याला लावून उभी राहिल्यावर म्हणते, “ताई, अजून एक होतं. पण ते सांगण्यासारखं नाही.”

सांगण्यासारखे नाही असे तिला का वाटते? कारण तिच्याकडे पुरावा नसतो. नवऱ्याचे बाहेर ‘प्रकरण’ आहे असे तिचे म्हणणेही नसते. तिच्याकडे असतात ते बारीकसारीक प्रसंग. लग्नकार्यात तो कोणाच्याही खांद्यावर हात टाकून फोटो काढतो. शेजारणीच्या स्वयंपाकघरात “वहिनी, चहा टाका” म्हणत सरळ आत जातो. ऑफिसातल्या नव्या मुलीला रात्री अकरा वाजता विनोद पाठवतो आणि खिदळत बसतो. यातला एकेक प्रसंग सांगायला गेले तर क्षुल्लक वाटतो. सगळे मिळून मात्र तिची झोप उडालेली असते. तिने तोंड उघडले की ठरलेले उत्तर येते, “माझा स्वभावच मोकळा आहे. तूच संशयी आहेस.” सासू म्हणते, “अगं, तो लहानपणापासून असाच बोलका.” आई म्हणते, “घरी येतो ना? पगार देतो ना? मग?”

या दोन शब्दांची वाटणी पाहा. एकच वागणूक, पण पुरुषाच्या वाट्याला शब्द येतो ‘मोकळा’. बाई तशी वागली तर शब्द येतो ‘चवचाल’ किंवा ‘फाजील’. खटकल्याचे बाईने बोलून दाखवले तर ती ‘संशयी’. पुरुषाने बोलून दाखवले तर तो ‘मानी’, त्याला ‘सहन झाले नाही’. वर्तमानपत्रात ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ असा मथळा आपण किती वेळा वाचतो! संशय या शब्दाचे वजन दोन्हीकडे सारखे नाही. बायकोच्या संशयाने बहुधा तिचीच झोप जाते, नवऱ्याच्या संशयाने बाईचा जीव जाऊ शकतो. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली तेव्हा हाच प्रश्न विचारला होता, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय.

आता आपली स्वतःची अडचण. आपण चळवळीतल्या बायका स्त्री-पुरुष मैत्रीच्या बाजूच्या. आपण स्वतः पुरुष सहकाऱ्यांबरोबर दौरे करतो, मोर्चात खांद्याला खांदा लावून चालतो, चेष्टामस्करी करतो. मग एखादी बाई म्हणाली की “माझ्या नवऱ्याने परक्या बायकांशी हसून बोलू नये”, तर आपल्याला ते मागासलेले वाटते. आमच्याकडे आलेली एक आशाताई आठवते. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी, रुग्णवाहिकेच्या चालकाशी बोलावे लागते, बोलताना हसू येते. म्हणून नवऱ्याने तिचा फोन फोडला. त्याच आठवड्यात एक शिक्षिका आली. तिचा नवराही शिक्षक, आणि शाळेतल्या तरुण शिक्षिकांशी तो फार लघळपणे वागतो ही तिची तक्रार. पहिलीच्या वेळी आपण म्हणालो, “हसण्याबोलण्याचा तिला हक्क आहे.” मग दुसरीला काय सांगायचे? दोघींना एकच मोजपट्टी लावता आली पाहिजे, नाहीतर आपला न्याय तोंड पाहून केलेला न्याय होईल.

ही मोजपट्टी शोधायला जरा मागे जाऊ. आपल्या समाजात पूर्वी कोणी कोणाची थट्टा करायची याचे नियम होते. धाकटा दीर आणि वहिनी, जावई आणि मेव्हणी ही थट्टेची नाती. थोरले दीर समोर आले की मात्र पदर सावरायचा, आवाज खाली. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक्रमात ही थट्टेची नाती शिकवतात. रॅडक्लिफ-ब्राऊन या अभ्यासकाने १९४० साली त्यांवर लेख लिहिला. त्याचा सांगावा असा, की अशा नात्यात एकाला दुसऱ्याची थट्टा करायची मुभा असते आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो. या वाक्याचा उत्तरार्ध मला महत्त्वाचा वाटतो. राग मानायचा नाही! मेव्हणीला ती थट्टा हवी होती का, हे कोणी विचारले? बहिणीच्या नवऱ्याने मंडपात सर्वांदेखत हात धरून ओढले आणि तिला ते आवडले नाही, तर तिने तोंड फिरवून हसायचे. आणि तिच्या बहिणीने, म्हणजे त्या माणसाच्या बायकोनेही हसायचे.

आज ते नियम सैल झाले. ऑफिस, सोसायटी, बचत गटाची बँक, मुलांच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप, इथे कोणते नाते थट्टेचे आणि कोणते नाही हे कोणीच ठरवलेले नाही. पुरुष सगळ्यांना ‘वहिनी’ म्हणतो आणि दिराची जुनी मुभा बरोबर घेऊन हिंडतो. ‘राग मानायचा नाही’ ही अटही तो बरोबर आणतो. म्हणून जुने नियम परत आणा असे मी म्हणत नाही. ते बायकांच्या सोयीचे कधीच नव्हते. पण नियमच नकोत असेही नाही. आता ते नवरा-बायकोने आपसांत बोलून ठरवायला हवेत, आणि जिच्याशी सलगी केली जाते त्या तिसऱ्या बाईचे मतही त्यात धरायला हवे.

केंद्रावर काम करताना मी चार प्रश्न विचारते. ते तुम्हांला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिला प्रश्न: समोरच्या बाईला ते हवे आहे का? मोकळेपणा दोघांचा असतो, सलगी एकाची असते. हाताखाली काम करणारी, नोकरीत कायम न झालेली मुलगी साहेबांच्या विनोदाला हसते, ती बऱ्याचदा नाइलाजाने. तसे असेल तर हा नवरा-बायकोचा प्रश्न राहत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि छोट्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ‘ती दुसरी’ आपली शत्रू नाही, कदाचित तिलाच मदत हवी असेल.

दुसरा प्रश्न: बायको समोर असताना आणि नसताना वागणे एकच असते का? जो माणूस सर्वांशी, म्हाताऱ्या मावशींशी आणि पुरुषांशीही तेवढाच बोलका आहे, बायकोसमोर आणि मागे सारखाच आहे, त्याचा स्वभाव खरोखर मोकळा असेल. जो बायको आत आली की फोन पालथा ठेवतो, त्याचा मोकळेपणा कुठे गेला?

तिसरा प्रश्न: हीच मुभा बायकोला आहे का? तिने आपल्या सहकाऱ्याला रात्री अकराला विनोद पाठवला तर घरात काय होईल? हा प्रश्न मी नवऱ्यालाच विचारते. एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मॅडम, तसं आमच्यात चालत नाही.” मी म्हटले, “मग तुमचं आमच्यात कसं चालतं?” यावर त्यांना उत्तर सुचले नाही. आशाताई आणि शिक्षिका, दोघींना लागू पडणारी मोजपट्टी ती हीच.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: “मला त्रास होतो” असे तिने सांगितल्यावर तो काय करतो? विश्वासाची कसोटी इथे लागते. आपल्याकडे विश्वास म्हणजे डोळे मिटून गप्प बसणे असे बायकांना शिकवले जाते. ज्याला प्रश्न विचारता येत नाही तो विश्वास नव्हे, तो धाक. प्रश्न विचारता येतो, त्याचे सरळ उत्तर मिळते आणि विचारल्याबद्दल शिक्षा होत नाही, अशा घरातच विश्वास वाढतो. “तुला खटकतं का? बरं, मी जपून वागेन” किंवा “यात वाईट काही नाही, चल, तुझी तिच्याशी ओळख करून देतो” असे म्हणणारा नवरा पुष्कळ भांडणे वाचवतो. जो चारचौघांत तिची नक्कल करतो, मित्रांना सांगतो की “आमच्या घरी पोलीस आहे”, मुद्दाम तिच्यासमोरच जास्त लगट करतो, तो तिला छळतो आहे.

या छळाला कायद्यात जागा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शाब्दिक आणि भावनिक छळ ही त्यात हिंसा मानली आहे, आणि अपमान करणे, टिंगल करणे, मानहानी करणे हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. नवऱ्याने बायकोच्या चारित्र्यावर बिनबुडाचे घाणेरडे आरोप करणे ही मानसिक क्रूरता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. बायका अजून विचारतात, “त्याच्यावर व्यभिचाराची केस घालता येईल का?” त्यांना नीट सांगा. दंड संहितेचे ४९७ कलम १८६० च्या कायद्यातले. त्यात बायको ही नवऱ्याची मालमत्ता असे गृहीत धरलेले होते. दुसऱ्या पुरुषाविरुद्ध तक्रार नवऱ्याने करायची. ज्याने संबंध ठेवला त्याच्या स्वतःच्या बायकोला मात्र त्याच्याविरुद्ध तक्रार करताच येत नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्यभिचार हा गुन्हा नाही. हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचे कारण म्हणून आहे, पण सलगी म्हणजे व्यभिचार नव्हे. तेव्हा या विषयात कायदा थोडेच अंतर बरोबर येतो. बाकीचे काम बोलण्याचे आहे, आणि ते आपल्याला करावे लागते.

ते करताना काही पथ्ये पाळायला हवीत. बाईची तक्रार बारीक वाटली तरी तारीखवार लिहून घ्या. लिहिताना तिलाच दिसते की आपण वेड्या नाही. नवऱ्याचा फोन तपासायला, पाळत ठेवायला मदत करू नका. तपासलेल्या फोनमधून पुरावा मिळेल, विश्वास मिळणार नाही, आणि पकडली गेली तर मार तिलाच बसेल. ‘त्या’ बाईच्या दारात जाऊन तमाशा करायला तर मुळीच साथ देऊ नका. दोघांची एकत्र बैठक घ्यायच्या आधी तिला एकटीला विचारा, घरात हात उगारला जातो का. उगारला जात असेल तर एकत्र बैठक नको, आधी तिच्या सुरक्षिततेचे पाहा. मुंबईत पोलिसांच्या जागेत १९८४ साली टाटा समाज विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष महाराष्ट्रात इतरत्रही झाले. तुमच्या जिल्ह्यात तो कुठे बसतो आणि संरक्षण अधिकारी कोण, हे आजच्या आज वहीत लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट तिच्या पायाखालच्या जमिनीची. जी बाई मला म्हणते, “ताई, विश्वास ठेवते मी, दुसरं काय करणार?” तिच्या नावावर घर नसते, बँकेत पैसे नसतात, माहेरची वाट बंद असते. तिचा विश्वास हा विश्वास नाही, नाइलाज आहे. जिला निघून जाता येते तीच मनापासून राहू शकते. म्हणून बचत गट, सातबाऱ्यावर नाव, स्वतःचे खाते या आपल्या नेहमीच्या कामांचा या ‘हलक्या’ विषयाशी थेट संबंध आहे. त्या शिक्षिकेला पगार होता, म्हणून ती नवऱ्याला समोर बसवून बोलू शकली. तीन बैठकींनंतर दोघांनी आपले नियम ठरवले. रात्री नऊनंतर कामाखेरीज फोन नाही, आणि तो नियम दोघांनाही. शाळेच्या सहलीला दोघांची कुटुंबे बरोबर. मुख्य म्हणजे, खटकलेले त्याच दिवशी सांगायचे आणि सांगणाऱ्याची टिंगल करायची नाही. सगळे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही. पण आता ती बोलते आणि त्याला ऐकून घ्यावे लागते.

आशाताईचा नवरा बैठकीला आलाच नाही. तिने संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, नवा फोन स्वतःच्या पैशांनी घेतला आहे आणि गावात पूर्वीसारखीच हसून बोलते आहे. तिचे ते हसणे टिकले पाहिजे, आणि शिक्षिकेचे विचारणेही टिकले पाहिजे.

आता गटांत बसू. प्रत्येक गटाने आपल्या गावातले असे एक उदाहरण घ्यावे, नावे न घेता, आणि हे चार प्रश्न त्याला लावून पाहावेत. एखादा प्रश्न कमी पडला तर पाचवा तुम्ही सुचवा.