बाळाची वाढ : धीर आणि घाई

मूल चार-पाच महिन्यांचे झाले, की घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या ओठी एकच प्रश्न असतो : बाळ पालथे पडते का? पुढे, बसते का. मग, रांगते का. आणि वर्षाच्या आगेमागे, पाऊल टाकले का? या प्रश्नांमागे जिव्हाळा असतो यात शंका नाही. पण त्यात तुलनेची एक बारीक सलही असते. शेजारचा नातू अकराव्या महिन्यात घरभर फिरू लागला आणि आपला तेराव्यातही भिंत सोडीत नाही, एवढ्यावरून कित्येक आयांची झोप उडते. उलटपक्षी, दीड वर्षाचे मूल हाकेला मान वळवीत नसेल, तर त्याच घरात समजूत घातली जाते, की त्याचा बापही उशिराच बोलला होता. जेथे धीर धरावा तेथे घाई आणि जेथे घाई करावी तेथे धीर, असा हा उलटा व्यवहार आहे. आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

वाढीचे वेळापत्रक आखण्याची हौस तशी फार जुनी. आपल्या धर्मशास्त्रकारांनी चौथ्या महिन्यात बाळाला घराबाहेर न्यावे, सहाव्या महिन्यात अन्न चाखवावे, असे संस्कार नेमून दिले. आजचे उष्टावण हे त्या अन्नप्राशनाचेच घरगुती रूप होय. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या उमरावाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाचे रुसणे, भिणे, हसणे टिपून ठेवले होते. ती टिपणे १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी बालकांच्या हालचालींचे चित्रीकरण करून वयागणिक तक्ते सिद्ध केले. भारतात बडोद्यास प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासाची प्रमाणके बसविली. तिरुवनंतपुरम येथे अवघ्या सतरा कसोट्यांचा एक सुटसुटीत तक्ता तयार झाला. त्यात मुलाच्या वयाच्या खुणेवर एक पेन्सिल उभी धरावयाची, आणि तिच्या डाव्या बाजूस राहिलेली एखादी गोष्ट मुलाला साधत नसेल तर त्यास तज्ज्ञाकडे पाठवावयाचे. एवढे सोपे साधन क्वचितच दुसरे असेल.

या साऱ्या तक्त्यांचा एक दोष मात्र वाचणाराच निर्माण करतो. सरासरी सांगणाऱ्या आकड्याला तो मुदत समजतो. सरासरी वय बाराव्या महिन्याचे असेल, तर निम्म्या मुलांना त्यापुढे वेळ लागणार, हे गणितानेच ठरलेले आहे. तरीही ही निम्मी मुले आपल्या मनात मागे पडलेली ठरतात. हा घोटाळा टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एकेक वय न देता वयाची एकेक खिडकीच दिली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून असे दिसले, की आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने या अवधीत केव्हाही येते. हातागुडघ्यांवर रांगण्याची खिडकी ५.२ ते १३.५ महिन्यांची, आणि आधाराशिवाय चालण्याची ८.२ ते १७.६ महिन्यांची. म्हणजे आठव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल, दोघेही धडधाकट. तेराव्या महिन्यात भिंत न सोडणारा नातू या खिडकीच्या जवळपास मध्यावर उभा आहे!

रांगण्याची गोष्ट तर अधिकच मौजेची. आपल्या देवघरातील बाळकृष्ण रांगत असतो, एका हातात लोण्याचा गोळा आणि दुसरा हात जमिनीवर टेकलेला. त्यामुळे न रांगणारे मूल म्हणजे काहीतरी चुकले, असे आपल्याला वाटले तर नवल नाही. परंतु त्याच पाहणीत शंभरांतील सुमारे चार मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी बसल्या बसल्या सरकत पुढे जातात, कोणी पोटावर फरपटत, आणि कोणी सरळ उठून उभे राहतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये पालकांसाठीच्या आपल्या यादीतून रांगणे काढूनच टाकले. बाळकृष्णाची मूर्ती अर्थातच जशी आहे तशीच गोड आहे. तिला तक्ता मानण्याचे मात्र कारण नाही.

घाईचे प्रत्यक्ष नुकसान दिसते ते चालण्याच्या साधनात. जुन्या घरांत लाकडी पांगुळगाडा असे. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राही, दांडी धरून तो पुढे ढकली, पडे आणि पुन्हा उठे. तोल सांभाळण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागे. त्याच्या जागी आता मुलाला झोळीसारख्या बैठकीत अडकविणारी चाकांची गोल गाडी आली. तीत पाय नुसते जमिनीला लागतात, तोल सावरावा लागत नाही, आणि आपले पाय मुलाला दिसतही नाहीत. अशा गाडीने मूल लवकर चालत नाही. झालाच तर थोडा उशीर होतो. शिवाय जिन्यावरून गडगडणे, चुलीपर्यंत किंवा उकळत्या भांड्यापर्यंत हात पोहोचणे, हे अपघात वेगळेच. कॅनडाने २००४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीच घातली. आजोबांचा पांगुळगाडा, सुताराच्या ओबडधोबड कारागिरीचा का होईना, या बाबतीत अधिक शहाणा होता.

आता जेथे धीर धरू नये अशा गोष्टींकडे वळले पाहिजे. त्यांतील पहिली म्हणजे अंगाची वाढ. निरोगी मूल जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत थोडे वजन गमावते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून काढते. पाच महिन्यांच्या सुमारास जन्माचे वजन दुप्पट होते, वर्षाअखेर तिप्पट. लांबी जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असते, ती वर्षात ७५ च्या घरात जाते. मनुष्य पुढे आयुष्यात कधीही इतक्या वेगाने वाढत नाही. मेंदूचे आकारमानही दोन वर्षांअखेर प्रौढाच्या मेंदूच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक झालेले असते.

ही वाढ कशाशी ताडून पाहावयाची? १९७७ पासून जगभर जे तक्ते वापरले गेले, त्यांतील तान्ह्या मुलांचे आकडे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या एका छोट्या गावच्या परिसरातून आलेले होते, आणि ती मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारे मूल पहिल्या काही महिन्यांनंतर त्या रेषेच्या खाली उतरलेले दिसे. आणि दूध पुरत नाही असे सांगून आईच्या हाती डबा दिला जाई. दोष तक्त्याचा, दूषण मात्र आईला! म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात नवी पाहणी केली. ब्राझीलमधील पेलोतास, घानातील आक्रा, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली अशी सहा ठिकाणे निवडली. मुले स्तनपानावर वाढणारी, आई धूम्रपान न करणारी, घरची स्थिती वाढीला अनुकूल अशी.

तिचा निष्कर्ष आपल्याकडे अद्याप पुरता उमगलेला नाही. या सहा ठिकाणच्या मुलांच्या लांबीत जो फरक आढळला, त्यातील केवळ ३ टक्के हिस्सा ठिकाणाठिकाणांतील भेदामुळे होता. सुमारे ७० टक्के हिस्सा एकाच ठिकाणच्या मुलामुलांतील होता. पुरेसे अन्न, स्वच्छता आणि औषधपाणी लाभले, तर दिल्लीचे मूल आणि ऑस्लोचे मूल पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखेच वाढते. आपल्याकडे चण मुळातच लहान, हे ज्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जात होते तो आधारच यामुळे कोसळला. आईबाप ठेंगणे असतील तर एखादे मूल काहीसे ठेंगणे होईल, हे मान्य. परंतु २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ४८ टक्के भारतीय मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. चण जर वंशाने ठरलेली असती, तर अवघ्या पंधरा वर्षांत वंश थोडाच बदलला! बदलले ते अन्न, पाणी आणि आईचे आरोग्य. आणि तेही अजून पुरेसे नाही.

ही खुजेपणाची वाट बहुधा आईच्या पोटातच सुरू होते आणि उष्टावणानंतरच्या दीड वर्षात ती रुळते. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, ही शिफारस आता सर्वमान्य आहे. जुन्या अन्नप्राशनाचा महिना आणि आजचे शास्त्र येथे एकत्र येतात. पुढे मात्र घोडे अडते. चांदीच्या वाटीतली खीर मामाने चाटवली, छायाचित्र निघाले, की नंतर पुष्कळ घरांत बाळाला मिळते ते वरणावरचे पाणी आणि भाताची पातळ पेज. हे पचायला हलके, अशी समजूत. परंतु बाळाचे पोट मुठीएवढे. ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा कोठे राहणार? वरण द्यावयाचे ते घट्ट, भाताबरोबर कुस्करून, वर तुपाची धार सोडून. चमचा तिरपा केला तरी पटकन ओघळू नये इतके दाट. यास पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ. आणि तो दिवसभर शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या आईपाशी नसतो, ही या प्रश्नाची खरी गाठ आहे. तान्ही मुले सांभाळणारी पाळणाघरे कामाच्या जागेजवळ असल्याखेरीज नुसत्या उपदेशाने ही गाठ सुटावयाची नाही.

दुसरी गोष्ट कानाची. दीड वर्षाचे मूल हाकेला वळत नाही, आणि घरात बापाच्या उशिरा बोलण्याचा दाखला दिला जातो, त्या घरात काय घडलेले असते? बहिरे मूल पहिल्या काही महिन्यांत इतर बाळांसारखेच हुंकार देते, रडते, हसते. त्यामुळे कोणालाच शंका येत नाही. सहाव्या महिन्यानंतर इतर मुले बा-बा, दा-दा अशी अक्षरांची माळ लावू लागतात, आणि या मुलाचा आवाज मात्र हळूहळू ओसरू लागतो. घरचे लोक परीक्षा घेतात ती तोंडासमोर टाळी वाजवून किंवा दार आपटून. टाळी मुलाला दिसते, आपटलेल्या दाराचा हादरा त्याला जाणवतो; ते दचकते आणि घर निश्चिंत होते. खरी तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात एक लहानशी बोंडी ठेवून काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्याच्या आत ही चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्रादी उपाय, असा दंडक या क्षेत्रातील तज्ज्ञांनी घालून दिला आहे. कारण भाषा शिकण्याचे जे दिवस मेंदूने नेमून ठेवलेले असतात, ते आपल्या सोयीसाठी थांबत नाहीत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या कामासाठीच आहेत. आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांतील जन्मजात दोष व विकासातील विलंब यांचा शोध घेण्याची सोय केलेली आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत या बाबतीत आणखी एक समजूत आढळते. इंदूर, हैदराबाद, दिल्ली किंवा बंगळूर येथे मूल आजीकडून मराठी, शेजारी हिंदी वा कन्नड आणि घरात मधूनमधून इंग्रजी ऐकते. मग ते बोलत नसले की दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो, आणि कित्येकदा पहिला बळी मराठीचा जातो. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांत वाटले गेलेले असतात. ‘मम’, ‘भूर’, ‘चिऊ’ हे शब्द आणि दुसऱ्या भाषेतले शब्द एकत्र मोजले, तर त्याची शिदोरी इतरांएवढीच भरते. तेव्हा दीड वर्षाच्या सुमारास कोणत्याही भाषेत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखविणे नाही, तर त्याचे खापर भाषांवर न फोडता मुलाला तपासून घ्यावे. आणि आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलणारे मूल बोलेनासे झाले, बसणारे बसेनासे झाले, तर एक दिवसही दवडू नये. अठरा महिने झाले तरी पाऊल नाही, हेही त्याच यादीत घालावे. खिडकी रुंद असली तरी तिला चौकट आहेच.

हे सारे मोजमाप करावयाचे तर मुलाचे वय अचूक ठाऊक हवे. खेड्यापाड्यांतील पाहण्यांत आजही जन्मतारीख सणांवरून काढावी लागते : पोळ्याच्या आधी की नंतर, गौरी बसल्या होत्या का? दोन महिन्यांच्या चुकीने सुदृढ मूल खुजे ठरते आणि खुजे मूल सुदृढ. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय तर निदान दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावयाचे असते. दोन महिने आधी आलेले मूल चौदाव्या महिन्यात उभे राहिले, तर ते बाराव्यातच राहिले असे समजावे.

आणि लांबी मोजावयाची ती दोघांनी. दोन वर्षांखालील मुलाला फळीवर उताणे निजवावयाचे; एकाने डोके वरच्या लाकडाला टेकवून धरावयाचे, दुसऱ्याने गुडघे अलगद सरळ करून तळव्यांना सरकती फळी लावावयाची. मूल बहुधा रडते, पाय झाडते. तेवढ्या क्षणात सेंटिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आकडा वाचून तो त्याच वेळी तारखेसह कार्डावर लिहून ठेवावा लागतो. एकट्या अंगणवाडी सेविकेच्या हातून हे नीट होत नाही. दुसरी जोडी बहुधा मुलाच्या आईच्याच हातांची असते.