उत्सवाची रोषणाई आणि भाद्रपदाचा पाऊस

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गणेशोत्सव समितीच्या विनंतीवरून दिलेले व्याख्यान)



समितीने आम्हांस दिलेला विषय ऐकून काहींस हसू येईल. ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, विवाह, वसतिगृह ह्यांविषयी बोलावयाचे. तेथे दिव्यांवर पाणी पडू नये म्हणून काय करावे, हा का व्याख्यानाचा विषय! परंतु मागील सभेत ह्याच प्रश्नावरून वडीलधाऱ्या व तरुण मंडळींत जी खडाजंगी झाली ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. वडिलांचे म्हणणे असे की, रस्त्यावरच्या कमानीवर लखलखणारे ते दिवे, ज्यांस मुले 'स्ट्रोब' म्हणतात, ते साफ बंद करावेत. तरुणांचे म्हणणे असे की, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या की झाले. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. आम्ही विद्युत अभियंते नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे आमचे शिक्षण आणि प्राथमिक शाळेत विज्ञान शिकविण्यात गेलेली हयात, एवढ्याच भांडवलावर आम्ही बोलत आहो. परंतु हा प्रश्न समजावयास त्याहून अधिक लागत नाही.

गणपती घरात होता तोवर हा प्रश्नच नव्हता. १८९३ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने हा उत्सव सार्वजनिक स्वरूपात रस्त्यावर आला आणि गणरायाच्या डोक्यावर घराच्या छपराऐवजी भाद्रपदाचे आभाळ आले. चतुर्थी २०२० साली २२ ऑगस्टला पडली, २०२३ साली १९ सप्टेंबरला पडली. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरलेली आहे. म्हणजे चतुर्थी लवकर येवो वा उशिरा, विसर्जन होईपर्यंत आपण पावसाच्याच राज्यात असतो. 'यंदा पाऊस कमी आहे' असे म्हणून कामाला लागणाऱ्या कार्यकर्त्यांस आमचे सांगणे एवढेच की, दहा दिवसांतली एक रात्र पुरते.

आता ह्या दिव्याच्या पोटात काय असते ते पाहू. जुन्या पद्धतीच्या स्ट्रोबमध्ये झेनॉन नावाच्या वायूने भरलेली काचेची नळी असते. अशा लखलखाटाचा विजेचा दिवा अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन ह्यांनी १९३१ च्या सुमारास सिद्ध केला. ह्या दिव्यात वीज आधी संधारित्रात, म्हणजे कारागीर ज्यास कपॅसिटर म्हणतात त्यात, साठविली जाते. तेथे सुमारे तीनशे व्होल्टांचा दाब असतो. मग नळीच्या बाहेरून काही हजार व्होल्टांचा एक क्षणिक ठोका दिला जातो आणि साठलेली वीज प्रकाश होऊन बाहेर पडते. हा ठोका म्हणजे दिव्याचा प्राण होय. पेटीत दमटपणा शिरला की ठोका नळीपर्यंत न पोहोचता ओलसर पृष्ठावरून इकडेतिकडे निसटतो, आणि दिवा मधूनमधून चुकू लागतो. पुष्कळ मुले दिवा चुकू लागला की त्यावर चापट मारतात. वास्तविक ती त्याने दिलेली पहिली सूचना असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खटका बंद केला तरी कपॅसिटरात वीज काही काळ राहू शकते. दिवा बंद आहे म्हणून लगेच उघडून पुसावयास बसू नये.

हल्ली ह्या दिव्यांची जागा एल. ई. डी. दिव्यांनी घेतली आहे. त्यांत पुष्कळ ठिकाणी बारा व्होल्टांवर काम चालते आणि 'बारा व्होल्टांचे आहे, काही होत नाही' हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे. दिव्याच्या पट्टीपुरते ते खरे आहे. परंतु त्या बारा व्होल्टांच्या मागे जो पॉवर सप्लायचा डबा असतो त्यास २३० व्होल्टच येत असतात, आणि नेमका तोच डबा कमानीच्या मागे, चिखलात, विटेवर ठेवलेला असतो! पट्टी पावसात राहिली तर तांब्यावर हिरवी पुटे चढतील, दिवे विझतील, नुकसान पैशांचे होईल. डबा भिजला तर हिशेब निराळा आहे.

पाणी आत शिरते कसे, हा मुख्य प्रश्न. सर्वांची समजूत अशी की, ते वरून पडते आणि फटीतून गळते. ही समजूत अर्धवट आहे. आम्ही वर्गात एक प्रयोग करीत असू. काचेची रिकामी बाटली किंचित तापवावयाची, तिचे तोंड पाण्यात उपडे धरावयाचे आणि वाट पाहावयाची. बाटली निवते तशी आतील हवा आकसते आणि पाणी आपोआप वर चढते. मुलांचे डोळे विस्फारत. दिव्याची पेटी ही तीच बाटली आहे. तासभर दिवा चालला, आतील हवा तापली, प्रसरण पावली, काही बाहेर पडली. एवढ्यात सर आली आणि पेटी एकदम गार झाली. आतील हवा आकसली आणि झाकणाच्या सांध्यावर जे पाणी साचले होते ते पेटीने आत ओढून घेतले. असे रात्रीतून चार वेळा झाले, दहा रात्री झाले, म्हणजे पेटीत वाटीभर पाणी मिळते आणि लोक म्हणतात, 'एवढे पाणी गेले कोठून?'

हे एकदा कळले की प्लॅस्टिकच्या पिशवीचा भ्रम सुटतो. पिशवी वरून घालून खाली सुतळीने गच्च आवळली तर भाद्रपदातली दमट हवा आत कोंडली जाते. पहाटे गारवा पडताच तिचेच दव होऊन दिव्यावर बसते, आणि ते बाहेर जावयास वाट नसते. शिवाय दिवा तापतो तो निराळाच; ज्यांत पंखा असतो ते दिवे तर गुदमरूनच मरतात. आपल्यांपैकी जे कोकणातले आहेत त्यांनी लावणीच्या वेळी डोक्यावर इरले घेतलेल्या बाया पाहिल्या असतील. दिवसभर मुसळधार पावसात त्या ओणव्या काम करतात आणि पाठ कोरडी राहते. कारण इरले वरून व मागून झाकते आणि खालून मोकळे असते. दिव्यास इरले पाहिजे, गोणपाट नको. पत्र्याची टोपी करावी, ती दिव्यापासून चार बोटे दूर ठेवावी, चहूकडून दिव्याबाहेर हातभर नाही तरी वीतभर यावी, आणि खालची बाजू उघडी असावी. दिवा फारसा तापत नसेल तर तेलाचा पाच लिटरांचा रिकामा कॅन कापूनही ही टोपी होते. झेनॉनच्या किंवा हॅलोजनच्या तापणाऱ्या दिव्यास मात्र प्लॅस्टिक जवळ येऊ देऊ नये.

जो दिवा मुळात बंदिस्त नाही त्याच्या पेटीस सर्वांत खालच्या जागी एक लहान भोक असावे, म्हणजे शिरलेले पाणी निघून जाईल. वरच्या व बाजूच्या फटी सिलिकॉनने बंद कराव्यात, खालचे भोक मात्र कोणी 'सुटले वाटते' म्हणून बुजवू नये. उलट, जे दिवे कारखान्यातूनच पाणबंद होऊन येतात त्यांस भोक पाडणे हा अत्याचार होय. ते ओळखावे कसे? त्यांच्यावर आय. पी. अशी अक्षरे आणि पुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ असेल तर शिंतोडे सोसतील. ६५ असेल तर पाण्याचा झोत सोसतील. ६७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही निभावतील. २० लिहिलेला दिवा दिवाणखान्यासाठी आहे. भाड्याने दिवे आणताना आपण पैशांची घासाघीस करतो, तशी ह्या दोन अंकांचीही करावी.

तथापि दिवा कितीही चांगला असला तरी बहुतेक वेळा दगा देते ती वायर. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही हे खरे. परंतु वायरीवरून ओघळणारे पाणी उतारावर जे सापडेल त्यात शिरते. म्हणून वायर दिव्यात किंवा डब्यात वरून कधीही आणू नये. ती खालून आणावी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळून पडेल. जोड शक्यतो उघड्यावर नसावाच. अगदी अटळ असेल तर डब्यात, जमिनीपासून पुरुषभर उंच. काळी इन्सुलेशन टेप म्हणजे पाणबंद आवरण नव्हे. पाऊस आणि ऊन आलटून पालटून लागले की तिचा डिंक सुटतो. प्लग आणि सॉकेट जमिनीवर ठेवून वर पिशवी झाकणे हा तर आमच्या डोळ्यांसमोर दर वर्षी होणारा प्रकार आहे.

आम्ही हे इतक्या आवेशाने का बोलतो, ते सांगणे भाग आहे. आम्ही नोकरीत असताना एका गावी, (गावाचे व मंडळाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही), आमच्या शाळेतला सातवीतला एक मुलगा आरतीनंतर कमानीच्या लोखंडी खांबास हात लावून मित्रांशी गप्पा मारीत उभा होता. पाऊस नुकताच थांबला होता, पाय अनवाणी, खाली पाणी. वर कोठेतरी पिशवीत गुंडाळलेला एक जोड ओला होऊन खांबास टेकला होता. मुलाच्या तोंडून शब्द निघाला नाही. हात खांबास चिकटून राहिला. मित्रांस प्रथम तो चेष्टा करतो असे वाटले. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र त्यास हात न लावता धावत जाऊन मुख्य खटका पाडला. मुलगा वाचला. परंतु त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधीही मिटली नाहीत आणि आम्ही त्यास वर्षभर डाव्या हाताने अक्षरे गिरवावयास शिकविले. त्या रात्री सर्व दिवे शेवटपर्यंत झगझगीत लागलेले होते आणि फ्यूज जळला नव्हता.

फ्यूज का जळला नाही, हे समजले पाहिजे. शरीरातून एक मिलिअँपिअर वीज गेली तर झिणझिण्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. तीसच्या पुढे श्वासावर व हृदयावर बेतते. आणि आपला लहानातला लहान, सहा अँपिअरचा एम. सी. बी. सहा हजार मिलिअँपिअरपर्यंत खुशाल वाहू देतो. म्हणजे तीसच्या दोनशेपट! फ्यूज आणि एम. सी. बी. हे वायरीचे रक्षक आहेत, माणसाचे नव्हेत. माणसाचे रक्षण करणारे यंत्र निराळे असते. त्यास बाजारात आर. सी. सी. बी. किंवा जुन्या सवयीने ई. एल. सी. बी. म्हणतात. जाणारी वीज आणि परतणारी वीज ते सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की तीन दशांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. घेताना तीस मिलिअँपिअरचेच घ्यावे. शंभरचे वा तीनशेचे माणसासाठी नाही. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते रोज संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी दाबावे. मात्र कोणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरील तर हे यंत्रही फसते.

येथे तरुणांची एक तक्रार आम्हांस ठाऊक आहे: 'ते यंत्र बसविले की पावसात सारखे पडते, आणि ऐन आरतीत अंधार होतो.' म्हणून मागील एका वर्षी कोणी तरी ते वगळून सरळ तार जोडली असे ऐकतो. ते यंत्र पडते म्हणजे वीज कोठेतरी जमिनीत झिरपते आहे. यंत्रास दोष देऊ नका. कमानीच्या प्रत्येक भागास निराळे यंत्र द्या, म्हणजे एक भाग पडला तरी मूर्तीसमोरचा दिवा राहील आणि दोष कोणत्या भागात आहे तेही कळेल. लोखंडी कमान अर्थिंगच्या तारेने नीट जोडा. आणि जनरेटर आणणार असाल तर ठेकेदारास एकच प्रश्न विचारा, न्यूट्रल अर्थ केला आहे का? तसा तो केलेला नसेल तर हे यंत्र तेथे शोभेचे ठरू शकते.

समितीपुढे आमची मागणी दोनच बाबींची आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात ढोलपथकाच्या वरच्या ओळीत ही यंत्रे लिहावीत, खालच्या ओळीत नव्हे. कारण खालच्या ओळी कशा कापल्या जातात ते आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहो. आणि मुख्य खटका कोठे आहे हे ठाऊक असलेला, पायात कोरडी रबरी चप्पल असलेला एक कार्यकर्ता रात्रभर तेथे असावा. वीजजोडणी महावितरणकडून वा त्या त्या शहरातल्या वीजकंपनीकडून तात्पुरती, रीतसर घ्यावी. काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे. आकडा टाकून देवाची आरास करणे शोभत नाही, एवढे बोलून आम्ही तो विषय सोडतो.

राहिले विसर्जनानंतरचे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ओले दिवे तसेच गुंडाळून माळ्यावर टाकण्याची आपली पद्धत आहे आणि पुढच्या वर्षी त्यांतले निम्मे गंजलेले निघतात. पितृपक्षात कार्यालय रिकामेच असते. ते पंधरा दिवस दिवे गच्चीवर, झाकणे सैल करून, पाऊस नसेल तेव्हा उन्हात ठेवावेत. पिना कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ज्या वायरीचे आवरण चिरले असेल ती कापून टाकावी, टेप लावून ठेवू नये. ह्या कामास आम्ही स्वतः रोज सकाळी येऊ. दोन मुलगे आणि एक शिडी मिळावी.