आमच्या दारावरून जाणारा माल

आम्ही ठाण्याजवळच्या कोलशेतहून, खाडीकाठच्या बचत गटातून बोलतोय. आज हप्ते, कर्ज, व्याज यातलं काही नाही. आज कंटेनरच्या गाड्यांबद्दल बोलायचंय. पाठीवर लांबलचक लोखंडी पेटी घेतलेल्या त्या गाड्या तुम्हीही कुठल्या ना कुठल्या हमरस्त्यावर पाहिल्या असतीलच.

आमच्यातल्या काही जणी घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतींत स्वयंपाकाला जातात. परतायला उशीर झाला की रस्ता ओलांडायला कितीतरी वेळ ताटकळावं लागतं. एकदा उभ्या उभ्या त्यांनी गाड्या मोजायला घेतल्या. मध्येच दोघींचा आकडा जुळेना, भांडण झालं आणि मोजणी राहिली. पण नंबरपाट्या वाचायची सवय लागली. जीजे म्हणजे गुजरात, आरजे म्हणजे राजस्थान, एनएल म्हणजे नागालँड. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या लांबच्या गाड्या, नि अडकतात आपल्याच दारात का गो?"

तर त्याचं कारण असं. उरणजवळ न्हावा शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. परदेशी जहाजातून तिथे उतरलेली पेटी गुजरातकडे जायची असेल, तर ती कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास अशी ठाण्यात येते. मग घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट ओलांडून अहमदाबाद महामार्गाला लागते. परदेशी जाणारा माल याच वाटेने उलटा येतो. दिवसा अवजड गाड्यांना वेळेची बंधनं, म्हणून रात्री रांगा. रांगेतली गाडी इंजिन चालूच ठेवते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलं आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६चे कडक नियम लागले, पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. तोंडाला ओढणी बांधली की झालं, असं आम्हालाही वाटायचं. ओढणीने मोठी धूळ अडते. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान असतात, ते ओढणीतून जातात आणि छातीत खोल उतरतात.

आता खरं सांगायचं तर आम्हीही या व्यापाराच्या बाहेर नाही. आमच्या गटाचं भाजणीच्या पिशव्या सील करायचं मशीन चीनचं आहे. ते आलं खाडीपलीकडच्या भिवंडीच्या गोदामातून. आमच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर काल्हेर-कशेळीकडची गोदामं दिसतात. तिथे कधीकाळी भातशेती होती. भराव पडला, पत्रे चढले. त्यामुळे गाड्या बंद करा म्हणणं सोपं नाही, आणि आम्ही तसं म्हणतही नाही.

आमचा जीव अडकलाय खाडीत. निवटी, चिंबोरी, कोळंबी, बोईट यांवर कोळीवाड्यातली घरं चालत आली. मासळी कमी झाली त्याला सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणीही कारण आहे, सगळा दोष गाड्यांवर ढकलणार नाही. पण समुद्रावरच्या व्यापाराचा फटका कसा बसतो ते २०१० साली दिसलं. ७ ऑगस्टला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली. पेट्या पाण्यात पडल्या, तेल वाहत कांदळवनात शिरलं, मासे खाऊ नका असं सांगण्यात आलं. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मिळेना. तिचा त्या जहाजाशी संबंध काय होता?

मालाची गर्दी कमी करायचे जे उपाय निघतात, त्यातले बरेच आपल्याच भागात येतात. न्हावा शेवा ते उत्तर प्रदेशातल्या दादरीपर्यंत सुमारे १५०० किलोमीटरचा खास मालगाड्यांचा रेल्वेमार्ग आहे. त्याची वाट भिवंडी-वसई पट्ट्यातून जाते. रेल्वेला तेवढ्याच मालासाठी ट्रकपेक्षा खूप कमी इंधन लागतं, ते चांगलंच. वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग ५३ कायद्याने २०१६ साली जाहीर झाला, त्यात कोलशेतलाही जेट्टी आहे. आणि बाळकुम ते गायमुख किनारी रस्त्याची योजना आहे, तीही कोलशेतवरूनच. मुख्य रस्त्यावरचा धूर कमी होईल म्हणतात. पण बोटींसाठी गाळ उपसला तर चिखलातल्या निवटीचं काय? रस्त्यासाठी तिवरं तोडली तर माशांची पिल्लं वाढणार कुठे? आधी विचारलं तर खांबाची जागा थोडी सरकू शकते. नंतर नाही.

आणि विचारायला जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला की कांदळवनांचा नाश म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला. सार्वजनिक कामासाठीही ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय २००६च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिची सूचना मराठी वर्तमानपत्रात किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात वाचायला मिळतो. जाता आलं नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवता येतं. आणि सुनावणी संपताना तिथे काय काय बोललं गेलं, ते मराठीत वाचून दाखवावं लागतं, आपण बैठकीचं इतिवृत्त वाचतो तसंच. तोपर्यंत उठून जाऊ नका. स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून बायका लवकर निघतात, आणि आपलंच म्हणणं कागदावर आलं की नाही ते कळत नाही.

आमच्या गटात आता हप्ते गोळा झाले की महिन्याभराच्या वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना वाचतो. बरीचशी नावबदलाची आणि हरवलेल्या कागदपत्रांचीच असतात, कंटाळा येतो. दुसरी एक वही केली आहे. मावशींना लिहिता येत नाही, त्या सांगतात आणि आम्ही लिहितो: कुठल्या बाजूला, कुठल्या भरतीला, काय मिळालं. वही सुरू होऊन तीन महिने झाले. निवटीची दोन पानं भरली आहेत, चिंबोरीचं अजून अर्धंच आहे.