अणुव्रताच्या मापाचे पर्यावरणकार्य

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या श्रावक सभेत केलेले भाषण)



भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, म्हणजे १९७४-७५ साली, आपल्या वडीलधाऱ्यांनी या संस्थेची स्थापना केली. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा सर्वांच्या मनात ताजी होती. त्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. आज संस्थेच्या आवारात असलेल्या विहिरीवर माझी आई पहाटे रांगेत उभी राहत असे. पाणी दुहेरी घडीच्या जाड कापडातून गाळायचे आणि कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे, हा तिचा नेम त्या टंचाईतही कधी चुकला नाही. पुढे मी आयुष्यभर कापड विकले. परंतु कापडाचा त्याहून पवित्र उपयोग माझ्या पाहण्यात आला नाही.

सुवर्ण महोत्सवानिमित्त समाजाने पर्यावरणाचे एक कार्य हाती घ्यावे, असा ठराव झाला आहे. तीन सूचना आल्या आहेत. तरुण मंडळाने १००० झाडे लावण्याचे सुचविले आहे. काही बंधूंनी धर्मशाळेवर सौरऊर्जेची व्यवस्था करावी असे म्हटले आहे. तिसरी सूचना छतावरचे पावसाचे पाणी विहिरीत सोडण्याची आहे. तिन्ही सूचना चांगल्याच आहेत. मी तिसऱ्या सूचनेच्या बाजूने बोलणार आहे. मात्र त्याआधी एक कबुली दिली पाहिजे.

२०११ च्या पावसाळ्यात या संस्थेने २०० रोपे लावली, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. त्या समितीचा प्रमुख मीच होतो. वृक्षारोपणाच्या दिवशी सारा समाज लोटला होता. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. दिवाळीपर्यंत मी दर रविवारी पाहून येत असे. त्यानंतर तुळशीचे लग्न झाले आणि लग्नसराई सुरू झाली. दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत गिऱ्हाईक, घरी वडिलांचे आजारपण, मुलीच्या विवाहाची बोलणी. रोपांना कोणी ना कोणी पाणी घालत असेल, असे मी धरून चाललो. समितीतील प्रत्येकाने तसेच धरले होते. मे महिन्याच्या अखेरीस मोजले तेव्हा १७ रोपे जिवंत होती. तीही सारी भोजनशाळेच्या मागची. भांडी धुतलेले पाणी तिकडून वाहत होते, म्हणून ती वाचली, आमच्यामुळे नव्हे.

बंधूंनो, वनस्पतीत जीव आहे हे आपण लहानपणापासून शिकतो. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या माझ्या हातून १८३ रोपे वाळून गेली. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण माती खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे यांचा समावेश आहे. आम्ही खड्डे खणले, रोपे लावली आणि विसरलो. आमचा हेतू शुद्ध होता; पण प्रमाद तो प्रमादच. ही सल आजही माझ्या मनात आहे, आणि म्हणूनच मी आज येथे उभा आहे.

या अनुभवातून मी एक गोष्ट शिकलो. कार्य निवडताना ते किती मोठे आहे, यापेक्षा ते कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हातून व्हायचे आहे, हे आधी विचारावे. झाडे पावसाळ्यात लावली जातात. परंतु त्यांना पाण्याची खरी गरज मार्च ते मे या काळात असते. नेमकी तीच आपल्या लग्नसराईची, वर्षअखेरच्या हिशेबांची आणि मुलांच्या परीक्षांची वेळ. याउलट पाऊस चातुर्मासात पडतो. त्या चार महिन्यांत विवाह होत नाहीत, बाजार मंद असतो. मुनिराज एका ठिकाणी स्थिर असतात आणि आपली पावलेही मंदिराकडे अधिक वळतात. पाण्याचे काम आपल्या सवडीच्या दिवसांत येते, हा माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता थोडा हिशेब मांडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. आपल्या धर्मशाळेचे छत ३००० चौरस फूट, म्हणजे सुमारे २७९ चौरस मीटर आहे. व्यापारी येणे नेहमी हात राखून धरतो. म्हणून वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटरच धरू. एकूण पाणी सुमारे १ लाख ५३ हजार लिटर होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया जाईल असे मानले, तरी १ लाख २२ हजार लिटर हाती राहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले गेले. पहिल्या गाडीला १० वॅगन होत्या आणि प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी होते. तशा दोन वॅगन भरून उरेल इतके पाणी दरवर्षी आपल्या छतावरून गटारात जाते.

भारतीय जैन संघटनेने २०१८ साली बुलडाणा जिल्ह्यात जलसाठ्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले. त्याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. तेवढे आपल्याला झेपणार नाही. परंतु आपल्या धर्माने गृहस्थाला महाव्रते सांगितलेली नाहीत. त्याच्यासाठी अणुव्रते आहेत. प्रपंच सांभाळून जे आयुष्यभर पाळता येईल तेच व्रत गृहस्थाने घ्यावे आणि घेतलेले मोडू नये. सामाजिक कार्यालाही हेच माप लावावे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

कामाची योजना साधी आहे. मृगाच्या आधी एका रविवारी छत मऊ झाडूने, जीवजंतू जपून, स्वच्छ करावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे. त्यानंतरचे पाणी वाळू आणि खडीच्या गाळणीतून विहिरीत न्यावे आणि विहिरीवर जाळी बसवावी. हे पाणी पिण्यासाठी नसून धुण्याभांड्यासाठी आणि झाडांसाठी वापरावे. दर चतुर्दशीला आपण मंदिरात येतोच. त्याच दिवशी दोन घरांनी मिळून गाळणी आणि पन्हाळी पाहाव्यात. चार महिन्यांत आठ चतुर्दशी येतात. म्हणजे सोळा घरांना वर्षातून एकदा, तासाभराचे काम. कोणाकडे आजारपण किंवा कार्य असेल, तर त्याने शेजारच्या घराशी पाळी बदलून घ्यावी. कोणावर नाराजी नको आणि कोणाचा सत्कारही नको. विहिरीची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर मोजून एका वहीत लिहावी. ती पाण्याची किर्द समजावी आणि वार्षिक सभेत जमाखर्चासोबत वाचून दाखवावी.

तरुण मंडळातील मुलामुलींना माझी विनंती आहे, की आपला उत्साह मी मोडतो आहे असे मानू नका. पुढच्या वर्षी वहीत जेवढे पाणी जमेला दिसेल, तेवढीच झाडे लावा. ती २५ असतील, कदाचित ४० असतील. पण प्रत्येक झाडाच्या नावे उन्हाळ्यातले पाणी आधीच राखलेले असेल. पहिला खड्डा खणायला मला बोलवा. मे महिन्यात पाणी घालण्याच्या पाळीतही माझे नाव लिहा. दुकान आता मुलगा पाहतो, तेव्हा माझ्याकडे सबब उरलेली नाही.

माझी आई कापडावरचा जीव विहिरीत परत सोडत असे. आपण तीच विहीर कोरडी पडू देणार असू, तर तो जीव सोडायचा कोठे? शताब्दीच्या सभेत बसणाऱ्या आपल्या नातवंडांना त्या विहिरीत पाणी दिसावे, एवढीच प्रार्थना करतो.

बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल, तर उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

जय जिनेंद्र.