अप्रकाशित मैफल

जुन्या गवयांच्या मैफलींचीं जीं ध्वनिमुद्रणें कोणाच्या तरी कपाटांत पडून आहेत, बाजारांत कधींच आलीं नाहींत, त्यांचें काय करावें, हा आजचा विषय आहे. बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या खेड्यांत राहणाऱ्या निवृत्त मास्तरानें त्यावर बोलावें हें कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु मोठ्या गवयांचें गाणें आम्हांकडे आलें तें तबकडीवरून व रेडिओवरूनच, म्हणून ध्वनिमुद्रणाचें मोल आम्हांस अंमळ अधिक.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. केसरबाई केरकर यांचें उदाहरण घ्या. गोमंतकांतील केरी येथें १८९२ सालीं जन्मलेल्या ह्या गायिकेनें अल्लादियाखांसाहेबांकडे वर्षानुवर्षें तालीम घेतली. त्या घराण्याची विलंबित लयींतली बढत, एकींत एक गुंफलेल्या ताना, समेवर येण्याची ती ऐट, एवढें सारें तीन मिनिटांत कसें मावणार? त्यांची एक भैरवी १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाई निवर्तल्या. गौरव मोठाच, पण ताऱ्यांकडे निघालेली ती भैरवीहि साडेतीन मिनिटांचीच! १९२२ सालीं वारलेल्या भास्करबुवा बखल्यांची तर एकहि तबकडी निघाली नाहीं. पुण्याचा भारत गायन समाज ही त्यांची स्मृति उभी आहे. आवाज मात्र गेला.

पुढें फितीचें यंत्र आलें आणि खासगी बैठकींत एखादा रसिक तें कोपऱ्यांत लावून ठेवूं लागला. त्या फितींत तंबोरे जुळवणें आहे, खोकला आहे, मधूनच ‘वाहवा’ आहे. आणि तासभर चाललेला एकच राग आहे. हा गलबला पुसून फीत स्वच्छ करण्याची हल्लीं टूम निघाली आहे. मला ती रुचत नाहीं. दाद कोठें आली हें कळल्यावांचून गायक त्याच जागेवर पुन्हां कां वळला हें कसें कळावें?

परंतु गायकाची अनुमति? ज्या कलावंतानें हयातींत आपल्या तबकड्या पारखून दिल्या, त्याच्या थकल्या आवाजाची एखादी रात्र आपण बाजारांत मांडावी काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन कलावंताचा आपल्या गायनावरील हक्क मान्य झाला. आज त्याची मुदत ५० वर्षें आहे. मुदत संपली कीं संकोचहि संपावा, असें मला वाटत नाहीं. वारसांस विचारावें. ते नको म्हणाले तर प्रकाशन थांबवावें, जतन थांबवूं नये.

कारण फीत वाट पाहत नाहीं. आपल्या दमट पावसाळ्यांत तिला बुरशी धरते. ॲसिटेटची फीत कुजूं लागली कीं शिरक्यासारखा आंबूस वास येतो, ती आकसते, वांकडी होते, आणि मग यंत्रावर चढवितां येत नाहीं.

दुसरा घोळ नांवाचा. बॉब डिलन या अमेरिकन गायकाची १९६६ ची एक मैफल लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली म्हणून वर्षानुवर्षें चोरून विकली गेली. वस्तुतः ती मँचेस्टरची होती. १९९८ सालीं ती अधिकृतपणें निघाली, तेव्हांहि तें चुकीचें नांव अवतरणचिन्हांत कायम राहिलें. परकीयांची ही गत, मग आपल्या डब्यांवरील पुसट अक्षरांची काय कथा!

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी फीत असेल, त्यांनीं ती जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह आवरावा आणि जाणत्या माणसाकडून संगणकावर नक्कल करवून घ्यावी. मुंबईस १९६९ सालीं स्थापन झालेल्या एनसीपीए या संस्थेजवळ शास्त्रीय संगीताच्या मुद्रणांचा संग्रह आहे. एक प्रत तशा ठिकाणीं ठेवतां येईल काय, हें विचारून पाहावें. मूळ फीत फेकूं नये. डब्यांत चिठ्ठी ठेवावी: गायक, साथीदार, राग, गांव, तारीख, यंत्र कोणीं लावलें. खात्री नसेल तेथें प्रश्नचिन्ह करावें. अंदाज शाईनें लिहूं नये.